भाव उतरायची वेळ

"कितीनं घेतला झेंडू?" मुळेबाईंनी विचारलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याहून बदनापूरला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये समोरासमोर बसलो होतो. बदनापूरच्या एका हायस्कुलात मी नुकतीच मराठीची शिक्षिका म्हणून लागले होते. मुळेबाई तिथं क्लार्क होत्या, माझ्या आधी वीसेक वर्षांपासून. दोघी जालन्यात राहणाऱ्या, त्यामुळे जाणं-येणं बरोबर.

"एकशे वीस रुपये किलो," मी म्हणाले.

"किती वाजता?"

"सकाळी आठला."

"हां," त्या म्हणाल्या. ताप कधीपासून आहे ते ऐकून डॉक्टर म्हणतात तसं. "मी संध्याकाळी साडेपाचला घेतला. तीन किलो, तीस रुपयांत."

"पण संध्याकाळी घेऊन करायचं काय बाई? दसरा तर सकाळी असतो ना."

"माझा संध्याकाळी असतो," त्या म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर कापसाच्या रानाकडं बघत राहिल्या.

मुळेबाईंची माझी खरी ओळख तिथून सुरू झाली. उंच, सडपातळ, केस घट्ट मागं बांधलेले, चष्म्याला काळी दोरी. पर्समध्ये एका बियाणं कंपनीची कापडी पिशवी घडी घालून ठेवलेली असे. तिच्यावरचं कापसाचं बोंड धुऊन धुऊन नुसतं पिवळट डागासारखं उरलं होतं. ही पिशवी बाहेर निघाली की समजायचं, बाजारात भाव उतरायची वेळ झाली.

त्या कुठलीही वस्तू वेळेवर घेत नसत. संक्रांतीचा तीळ संक्रांतीच्या दुपारी. पोळ्याचे मातीचे बैल, सगळ्या गावाचे बैल पूजून झाल्यावर. महालक्ष्म्यांच्या दिवसांत बायका पहाटेपासून भाज्यांसाठी बाजारात रेटारेटी करायच्या, तेव्हा या घरी निवांत पेपर वाचत असायच्या. छत्री त्या दिवाळीच्या सुमाराला घ्यायच्या, ब्लँकेट मार्चमध्ये, आणि कॅलेंडर फेब्रुवारीत. "मंग जानेवारीभर काय करता?" असं मी एकदा त्यांच्याच भाषेत विचारलं, तर म्हणाल्या, "एका महिन्याच्या तारखा लक्षात राहत न्हाईत का माणसाच्या?"

गंमत म्हणजे त्या घासाघीस अजिबात करत नसत. मला वाटायचं, असा माणूस बाजारात भांडत असेल, वजनकाट्यावर डोळा ठेवून उभा राहत असेल. पुढच्या वर्षी दिवाळीत त्यांच्याबरोबर गांधी चमनच्या बाजाराकडं गेले तेव्हा पाहिलं. लक्ष्मीपूजनाची दुपार उतरत होती. मुळेबाई एका पणत्यांच्या गाड्यापासून दहा पावलांवर शांत उभ्या राहिल्या. गाडेवाल्यानं उरलेल्या पणत्या पोत्यात भरायच्या म्हणून पोतं झटकलं, तशा पुढं झाल्या.

"परत न्यायच्यात का?"

"न्यायच्या कुठं बाई, रस्त्यात फुटतेत निम्म्या. घेऊन टाका."

"कितीला?"

त्यानं सांगितलं तेवढे दिले आणि निघाल्या. एक शब्द जास्तीचा नाही.

"भाव करायचाच न्हाई," त्या मला चालता चालता सांगत होत्या. "त्याला द्यायची घाई झाली की आपण जायचं. घाई त्याची पाह्यजे, आपली न्हाई."

पण त्याच बाईंचं एक वेगळंच रूप मी एका संक्रांतीला पाहिलं. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सुगडांचा ढीग घेऊन बसली होती. ऊन कलायला आलं होतं, गिऱ्हाईक संपलं होतं. आम्हाला पाहून ती उठायलाच लागली. "दोन रुपयाला एक न्या माय, एक रुपयाला न्या. शहागडच्या गाडीला भाड्यापुरतं झालं तरी बास." मला वाटलं, मुळेबाईंना हवी तीच वेळ आली. त्यांनी खाली बसून सुगडं मोजली, अकरा निघाली. मग विचारलं, "सकाळी काय भाव होता?" म्हातारीनं सांगितला. बाईंनी सकाळच्या भावानं अकराच्या अकरा घेतली.

मी वाटेत हसून म्हणाले, "बाई, आज तुमचा हिशोब चुकला."

त्या चिडल्या. मी त्यांना चिडलेलं फार कमी पाहिलंय. "घाई येगळी अन् अडचण येगळी. एवढं कळत न्हाई का तुला? शिकवतीस काय पोरांना?"

ती अकरा सुगडं मी नंतर त्यांच्या घरी पाहिली. काद्राबादकडं दोन खोल्या भाड्यानं होत्या त्यांच्या. खिडकीत ओळीनं सुगडं मांडलेली. एकात लवंगा, एकात गुंड्या, एकात शाळेच्या कपाटांच्या जुन्या किल्ल्या. बाकी घरात प्रत्येक वस्तू एकेकटी. कप एका नक्षीचा, बशी दुसऱ्या. सेट फुटल्यावर दुकानदार जे एकेक नग काढून टाकतात, ते सगळे फिरत फिरत इथं येऊन थांबले असावेत. मला चहा दिला तो निळ्या फुलांच्या कपात आणि स्वतः स्टीलच्या पेल्यात घेतला. दुसरा कप नव्हता म्हणून नव्हे. "आईचा पेला आहे," म्हणाल्या. आई आठ वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि गेल्यालाही तेवढीच वर्षं झाली होती. धाकटा भाऊ पुण्याला.

शाळेत त्यांची थट्टा चालायचीच. एकदा मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये आमचे एक सर म्हणाले, "मुळेबाईंनी लग्नाचंही तसंच केलं. शेवटी भाव उतरेल म्हणून थांबल्या आणि दुकानच बंद झालं." सगळे हसले. मीही हसले असेन, खोटं कशाला बोलू. दारात मुळेबाई पगारपत्रक घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या, कागद त्या सरांच्या पुढ्यात ठेवला, सही कुठं करायची तिथं बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दुकान बंद न्हाई झालं सर. आई आजारी होती." आवाज नेहमीचाच. सरांनी सही केली ती वाकडी आली.

शाळेतले शिपाई गफूरभाई मात्र त्यांच्याबद्दल कुणाला बोलू देत नसत. त्याला कारण होतं. गफूरभाईंच्या मुलीचं, शबानाचं लग्न ठरलेलं होतं, सहा महिन्यांनी करायचं म्हणून. अचानक जावयाला सौदीचा व्हिसा आला आणि चार दिवसांत निकाह करायचा ठरला. गफूरभाई ऑफिसात येऊन जमिनीवरच बसले. "बाई, चार दिवसांत काय करू? माझं तर डोकंच चालून न्हाई राह्यलं. आता दुकानदार मागंल तो भाव द्यावा लागणार."

"कोण म्हणलं?" मुळेबाईंनी टेबलाचा खण बंद केला. "उद्या बीबीला घेऊन साडेचारला स्टेशनवर या."

त्यांनी दोन दिवस रजा टाकली. माझ्या आठवणीत त्यांची ही पहिलीच रजा. कुठल्या दुकानात लग्नसराई संपल्यावर उरलेला माल कुठल्या फळीवर पडलाय, कुणाकडं खोका फाटला म्हणून वस्तू मागं राहिलीय, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. भांड्यांच्या दुकानात तर त्यांनी कमालच केली. कुणीतरी ऑर्डर देऊन न नेलेला सगळा संसार तिथं धूळ खात पडला होता, प्रत्येक डब्यावर "चि. राजूच्या लग्नानिमित्त" असं कोरलेलं. दुकानदाराला तो कधी जाईल असं वाटतच नव्हतं. बाईंनी तो निम्म्यात घेतला आणि तिथंच बसून, नाव कोरणाऱ्या कारागिराकडून प्रत्येक राजूवर एक वेल काढून घेतली. पानं, फुलं, मधे एक छोटी कळी. गफूरभाई सांगतात, आजूबाजूच्या बायका अजून विचारतात, ही नक्षी कुठं मिळाली.

निकाहला आम्ही सगळे गेलो. मुळेबाई बायकांच्या मांडवात कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. शबानाला सलाम करायला घेऊन गफूरभाई तिथं आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. बाई चारच्या गाडीनं निघून गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी गफूरभाईंनी त्यांच्या टेबलावर जर्द्याचा, निकाहातल्या गोड भाताचा डबा आणून ठेवला. "पळून कामून गेल्या बाई? पोरगी शोधून राह्यली होती." त्या म्हणाल्या, "गाडी होती." मधल्या सुट्टीत मी ऑफिसात डोकावले तर दार अर्धं लोटून त्या एकट्याच तो गोड भात खात होत्या, सावकाश, एकेक काजू बाजूला काढून शेवटी खाण्यासाठी ठेवत.

माझी मुलगी ओवी चार वर्षांची झाली त्या दिवशीची गोष्ट. मी परतीच्या गाडीत सारखी घड्याळ बघत होते. केक सांगितला होता, पण तिच्यासाठी फ्रॉक घ्यायचा राहिला होता. मनात आलं, आपणही बाईंसारखं करावं, दुकान बंद व्हायच्या सुमारास जावं. तसं मी त्यांना म्हणाले.

"न्हाई, न्हाई," त्या एकदम म्हणाल्या. "उतरल्या उतरल्या पहिलं दुकान दिसंल तिथं घे. सांगंल तो भाव दे अन् घरी जा. लेकरू दारात उभं असंल." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हे माझं सगळं जमतं ना सुनीता, ते घरी कुणी वाट बघत न्हाई म्हणून जमतं. तुला न्हाई जमायचं. जमूही नये."

समोरच्या बाकावरचा माणूस मोसंबी सोलत होता. त्यानं दोन फोडी आमच्याकडं केल्या. बाईंनी घेतल्या, एक मला दिली.

पुढच्या वर्षी त्यांच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. पत्रिका आली नाही, फोनवर चित्र आलं, लग्नाच्या दोन दिवस आधी. बाईंनी ते मला दाखवलं. भावानं खाली लिहिलं होतं, "घाईत राहून गेलं, नक्की ये." मला राग आला. त्यांना आला नाही, निदान दिसला नाही. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्यासंग दुकानात येतीस का? पोरीला पैठणी घ्यायचीय."

सकाळी? मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पण दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या दुकानाचं शटर वर जायच्या आधी पायरीपाशी उभ्या होत्या. दुकानदार त्यांना वर्षानुवर्षं ओळखणारा. "बाई, आज सकाळच्या पारी?" तो हसत म्हणाला. त्यांनी दहा-बारा पैठण्या उलगडून पाहिल्या, जांभळी, काठाला मोर असलेली एक निवडली. तो आपणहून पैसे कमी करायला लागला तर त्यांनी हात आडवा केला. "आज न्हाई. जे लिहिलंय तेच घ्या." पैसे देताना त्यांचा चेहरा मी आधी कधी न पाहिलेला होता. खुलला होता, आणि थोडा घाबरलेलाही.

लग्न होऊन दोन दिवसांनी त्या कामावर आल्या. गाडीत मी विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं झालं. जेवण चांगलं होतं."

"साडी आवडली का तिला?"

"आवडली असंल. लई गर्दी होती." बदनापूर आलं. गाडी थांबली, आम्ही उतरलो, आणि प्लॅटफॉर्मवर चालता चालता म्हणाल्या, "माझ्या पाया पडली अन् म्हणाली, थँक्यू काकू. आत्या आहे मी तिची."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी धरू दिला, मग पर्स सरळ करायची म्हणून सोडवून घेतला. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभ झाला. शाल त्याच दिवशी सकाळी पळत जाऊन आणलेली होती. खांद्यावर पडताच त्यांनी काठ चिमटीत धरून पाहिला आणि माझ्या कानात पुटपुटल्या, "मे महिन्यात शाल म्हणजे दुकानदारानं पाया पडून दिली असती." आम्ही दोघी व्यासपीठावर हसलो. भाषणात त्या दोनच वाक्यं बोलल्या, त्यातलं एक कपाटाच्या किल्ल्यांविषयी होतं.

नंतर माझं त्यांच्याकडं जाणं कमी झालं. गाव तेच, नदीच्या पलीकडं घर, रिक्षानं पंधरा मिनिटं. पण शाळा, ओवीचा अभ्यास, सासूबाईंचं दुखणं. फोन व्हायचा, तोही महिन्या-दोन महिन्यांनी. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी अंगणात रांगोळी काढताना मला एकदम त्यांची आठवण झाली. तशाच रंगलेल्या हातानं फोन केला. "बाई, संध्याकाळी पूजेला आमच्याकडं या."

"येते," त्या म्हणाल्या. एवढ्या पटकन की मला बरंही वाटलं आणि लाजही वाटली.

त्या सकाळी साडेनऊलाच आल्या. फरशी ओली होती, सासूबाईंची अंघोळ व्हायची होती, माझी ओढणी कमरेला खोचलेली. बाई दारात उभ्या, हातात मिठाईचा खोका. "चौकातूनच घेतली. दुप्पट लावले मेल्यानं," असं हसत हसत सांगत होत्या, काही बक्षीस मिळाल्यासारख्या.

दिवसभर त्या होत्या. सासूबाईंजवळ बसून करंज्यांना मुरड घातली. ओवीला कागदाचा कंदील करायला शिकवला. मी तीनदा बाजारात माणसं पिटाळली, लाह्या राहिल्या, बत्तासे राहिले, केरसुणी राहिली. चार वाजता मी मुद्दाम म्हटलं, "बाई, तुमची वेळ झाली. जाऊन यायचं का गांधी चमनकडं?"

"न्हाई गं. आज मला काहीच घ्यायचं न्हाई," त्या म्हणाल्या आणि ओवीच्या कंदिलाला झिरमिळ्या चिकटवत राहिल्या.

पाचच्या सुमारास माझे दीर-जाऊ त्यांच्या मुलांसह आले. घर भरून गेलं. खुर्च्या कमी पडल्या, ओळखी करून द्यायच्या राहून गेल्या. पूजेची मांडामांड सुरू झाली तेव्हा पाहते तर मुळेबाई चपला घालत होत्या.

"अहो, पूजा व्हायचीय!"

"घरी दिवा लावायचाय ना. अंधार पडायच्या आत गेलं पाह्यजे."

मी फार आग्रह केला नाही. रिक्षा थांबवली. आधीच दोन माणसं बसलेल्या रिक्षात त्या कडेला अंग चोरून बसल्या. तेवढ्यात ओवी पळत आली आणि ओरडली, "आज्जी, उद्या पण या! उद्या आपण मोठा कंदील करू!"

"उद्या?" बाईंनी मान बाहेर काढून विचारलं. त्यांनी ओवीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "येते की."

दुसऱ्या दिवशी पाडव्याला आम्ही पहाटेच माझ्या माहेरी, घनसावंगीला जाणार होतो. ते सांगायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकराचं बोलणं कोण एवढं मनावर घेतं, असं मला वाटलं. रिक्षा निघून गेली. आतून आरतीचं तबक कुठंय म्हणून हाक आली आणि मी वळले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. फोन एकदा झाला, नेहमीसारखा, तब्येत, शाळा, भाव. माघात शाळेच्या ग्रुपवर गफूरभाईंनी निरोप टाकला की मुळेबाई गेल्या. झोपेतच गेल्या म्हणे. पुण्याहून भाऊ आला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो घरमालकाशी खोल्या कधी रिकाम्या करायच्या ते बोलत होता. गफूरभाई भिंतीला टेकून उभे होते, डोळे लाल.

मी घरी आले. शेजारच्या ढोबळेकाकूंनी विचारलं, कोण गेलं. मी सांगितलं, बाईंचं वर्णन केलं. उंच, सडपातळ, चष्म्याला दोरी.

"अगं बाई, त्या का?" काकू म्हणाल्या. "दिवाळीत पाडव्याला आल्त्या तुमच्याकडं त्या. सकाळीच. हातात रंगीत कागदांची गुंडाळी होती."

"तुम्ही सांगितलं नाही मला?"

"त्याच म्हणल्या, सांगू नका, पोरीला उगीच वाईट वाटंल. मी म्हणलं, ते गावाला गेलेत, संध्याकाळपर्यंत येत न्हाईत. तरी म्हणल्या, बसते जरा. तासभर बसल्या असतील. मी पाणी दिलं, चहा न्हाई घेतला."

"कुठं बसल्या?"

"इथंच की, तुमच्या पायरीवर. चपला बाजूला काढून. उठल्या तेव्हा साडी वर धरून दोनदा खाली वाकून बघितलं त्यांनी. मी म्हणलं, काय हरवलं का? तर म्हणल्या, न्हाई, रांगोळी पुसली तर न्हाई ना गेली माझ्यानं, ते बघून राह्यले."